खंडेनवमीला बंद पडलेला

बोलतोय मी, परदेशात सेम्बावांगच्या एका फ्लॅटमधला, टेबलाखाली ठेवलेला कॉम्प्युटर. गोड बोलेन अशी आशा धरू नका. माझा राग अजून निवलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला नाही. क्षिप्राने सुटे भाग आणले, जमिनीवर चादर अंथरली आणि एकेक स्क्रू बसवत मला उभं केलं. तिचा नवरा निशिकांत तेव्हा सोफ्यावर बसून हसत होता. तो चांगी बिझनेस पार्कात आयटीतला मॅनेजर. हाताखाली माणसं पुष्कळ, पण हातात स्क्रूड्रायव्हर कधी आलेला नाही.

क्षिप्रा माझ्यावर व्हिडिओ एडिट करते. ती इथे राहते नवऱ्याच्या पासवर, म्हणजे त्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या परवान्यावर, त्यामुळे स्वतःचा पास मिळाल्याशिवाय तिला नोकरी करता येत नाही. पाया लेबारच्या एका स्टुडिओने तिला परीक्षा म्हणून एक छोटी फिल्म एडिट करायला दिली होती. पसंत पडली तर नोकरीही मिळणार होती आणि पासही. माझ्यासमोर बसून बसून तिची मान आखडली होती. शेवटचा हात फिरवून दुपारी चारच्या आत फिल्म पाठवायची, एवढंच उरलं होतं. आणि नेमकी त्या दिवशी खंडेनवमी आली.

त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. निशिकांतने रजा टाकली आणि माझ्यासाठी रॅमच्या दोन नव्या पट्ट्या आणल्या. जड फाइल उघडली की मी अडखळतो, ही क्षिप्राची तक्रार त्याने ऐकली होती. ती म्हणाली, "आज हात लावू नकोस. चारनंतर काय ते कर."

मुहूर्त आजचाच आहे, चुटकीसरशी होईल, असं त्याचं म्हणणं. ती आंघोळीला गेली आणि याने माझी वायर काढली, झाकण उघडलं, जुन्या पट्ट्या उचकटल्या. तसाच उघड्या पोटाने मला पाटावर आडवा केला, हळदकुंकू लावलं आणि वरून मूठभर अक्षता टाकल्या. अहो, पूजा करायची तर झाकण लावून करा की! मग एक फुंकर मारून त्याने नव्या पट्ट्या बसवल्या. त्यातली एक बसेना, तर अंगठ्याने रेटली.

बटण दाबलं. माझा पंखा फिरला, पण स्क्रीन काळाच राहिला. पोटातून बीप बीप करत मी बोंब मारत होतो. ती बोंब ऐकूनही त्याने आधी मॉनिटरवर थापा मारल्या.

क्षिप्रा ओल्या केसांनीच धावत आली. मला बघू दे, म्हणाली. त्याने तिला बाजूला सारलं. हे आपलं क्षेत्र आहे, तू मध्ये पडू नकोस, हे वर ऐकवलं. मग फोनवर व्हिडिओ बघून त्याने वायर बदलून पाहिली, जुन्या पट्ट्या परत त्याच खाचांत कोंबल्या, बॅटरी काढली, लावली. एकही उपाय चालला नाही, तेव्हा खापर फोडायला डोकं शोधलं. "घरी जोडलेलं मशीन आहे. आज ना उद्या हे होणारच होतं."

तिने स्टुडिओकडे फोनवरून मुदत मागितली. मुदत वाढवता येत नाही, एवढंच उत्तर आलं. चार वाजून गेले. निशिकांतने मला भंगारात काढण्याचा निर्णय जाहीर केला आणि हॉकर सेंटरच्या टपरीवर कॉफी प्यायला गेला.

मग क्षिप्रा माझ्याजवळ जमिनीवर बसली. तिने दोन्ही पट्ट्या काढल्या आणि पहिल्या खाचेत एकच बसवली. मी लगेच सुरू झालो. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत घातली, तर पुन्हा बीप. तिने टॉर्च धरला. खाचेच्या तळाशी कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा बसला होता. भुवया कोरायच्या चिमट्याने तिने तो बाहेर काढला. मला रडता येत असतं, तर मी तेव्हा रडलो असतो.

निशिकांत परतला तेव्हा मी दोन्ही नव्या पट्ट्यांनिशी चालू होतो. तिने तो दाणा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने दाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सुरू झालं ना शेवटी? म्हणजे पूजा पावली."

क्षिप्राने खुर्ची ओढली आणि मला पहिल्यांदाच पासवर्ड घातला.

आता ती रोज दुसऱ्या स्टुडिओंना कामाचे नमुने पाठवते. मी एकदाही अडखळत नाही. ती बाहेर गेली की निशिकांत गुपचूप येऊन बसतो. लग्नाची तारीख टाकतो, तिचं माहेरचं नाव टाकतो, एकदा तर स्वतःचंच नाव टाकलं.

खंडेनवमीला मला सुरू होता येत नव्हतं. आता येतं, पण त्याच्यासाठी मी उघडत नाही.