चूलबंद आवतान

आमचं हवालदार अठरा वर्सांनी फौजेतनं कायमचं घरी आलं आणि महिन्याच्या आत मारुतीच्या देवळाम्होरल्या फळ्यावर खडूनं लिवून आलं, 'नाल्यावर दगडी बांध घालणे आहे. सोमवारी सकाळी सात वाजता हजर राहावे. मजुरी रोख मिळेल.' खाली सही, हंबीरराव, रिटायर्ड हवालदार. देवळात वात लावाय गेले तवा मी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

किल्लारीला भूकंप झाला त्याच्या म्होरला उन्हाळा व्हता तो. आमचं गाव कडेगावच्या वरल्या अंगाला, माळाचं. खाली कुंडलकडं ऊस डुलतोय आणि आमच्यात शिमगा झाला की हिरी तळाला जात्यात. आमच्या रानाच्या डोक्यावरनं नाला येतो. पावसाळ्यात तो माती घेऊन जातो आणि बाकीचं वरीस कोरडा पडतो. तिथं बांध झाला तर खालच्या सात हिरींचं पाणी टिकलं असतं, आमच्या बी आणि दुसऱ्यांच्या बी. ह्येनी आल्याआल्या टेपनं नाला मोजला आणि मला सांगितलं, "रोहिणी निघायच्या आत बांध झाला तर मी शेती करीन. न्हाई झाला तर रान वाट्यानं लावायचं आणि कुपवाडला जायाचं. दोस्तानं तिथं कारखान्यात वॉचमनची जागा धरून ठेवलीय, खोली बी बगितलीय."

सासूसासरं गेल्यापास्नं मी त्या घरात एकटी, पोरबाळ न्हाई, नवरा वर्सातनं महिनाभर. मला कुणी सांभाळलं असंल तर ह्या गावानं. तापानं फणफणले तवा शेजारची म्हातारी हरणाआत्ती तीन दिस उशाशी बसून ऱ्हायली. आता ह्या वयात कुपवाडच्या खोलीत कोण माजं? पण ह्यांच्याम्होरं बोलून उपेग नसतो. ह्यांचा हुकूम सुटला की सुटला.

सोमवारी ह्ये साताला शिट्टी घेऊन नाल्यात उभं. नऊ वाजलं तरी एक कुत्रं सोडून कुणी फिरकलं न्हाई. ऊन चढल्यावर घरी आलं आणि टोपी खुंटीवर आपटली.

"आळशी गाव हाय. रोख मजुरी देतो म्हणलं तरी हालत न्हाईत."

"गाव आळशी न्हाई," मी म्हणलं. "तुमी गावाला मजूर केलासा. फळ्यावर लिवून कुणी बोलावतंय व्हय? इर्जिक घाला. घरोघर जाऊन आवतान द्या. लोकं आपापलं टिकाव-फावडं घेऊन येतील, दिसभर राबतील, सांजच्याला आपण जेवाय घालायचं. उद्या त्येंच्यात काम निघालं की आपण जायाचं."

"ते आमच्या बापाच्या येळचं. आता फुकट कोण हात लावतंय?"

"गेल्या साली हरणाआत्तीचं छप्पर गावानंच शाकारलं. तुमी नव्हतासा."

मग मी ठेकेदाराच्या बांधाचं सांगितलं. चार वर्सांमागं ह्याच नाल्यावर कोण एक ठेकेदार भायेरची माणसं आणून बांध घालून गेलता. पयल्याच पावसात कोपऱ्यातला एक दगड निसटला. येता-जाता सगळ्यांनी बगितला, पण उचलून परत बसवावा असं कुणाच्या मनात आलं न्हाई, कारण त्या बांधात गावातला एक बी हात नव्हता. दसऱ्यापातूर बांध गेला वाहून.

"मग तू दे आवतान," ह्ये म्हणालं. "तुला सगळं गाव वळखतंय."

मी दिलं असतं तर गाव आलं असतं, ह्यात खोटं न्हाई. कुणाची खुरपणी, कुणाचं बाळंतपण, कुणाची हळद मी सोडली न्हाई. 'बरं' तोंडात आलंच व्हतं. पण माज्या आवतनानं नुसता बांध झाला असता, हवालदार गावात पावणंच ऱ्हायलं असतं, आणि पावणा कवा बी उठून जातो. मी मन घट्ट केलं.

"अठरा वर्सं माजं पाय झिजलं. आता जरा तुमचं झिजू द्यात."

आमच्यात आवतान दोन परीचं. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद, म्हंजी घरातल्या सगळ्यांनी जेवाय यायचं, त्या दिशी चूल पेटवायचीच न्हाई. चूलबंद द्यायचं ते आपल्या माणसास्नी. माज्या दारात अठरा वर्सं एकच हाक आली, "विजावैनी, एका माणसाचं हाय वो." ह्ये रजेवर आलेलं असलं तरी एकाचंच, कारण ह्ये कुठं जातच नव्हतं. मला त्याचं लय लागायचं, पण बोलणार कुणाला?

तीन दिस माज्याशी अबोला धरला. चौथ्या दिशी टोपी घालून निघालं. सांजच्याला तोंड उतरवून परत.

"सगळी घरं एकच इचारत्यात. नाथाजी येणार हाय का?"

नाथाजी भावजी म्हंजी गावातला दगड बसवणारा हात. त्येंनी रचलेला बांध वीस-वीस वर्सं हलत न्हाई. "त्येंच्याकडं गेलासा का?" मी इचारलं, तर "तेवढं एक दार सोडलं," म्हणालं. का ते मला ठावं व्हतं. सहा वर्सांमागं भावजींचा बा वारला, तवा ह्ये रजेवर घरातच व्हतं. दुसऱ्या दिशी गाडी हाय म्हणून ट्रंक भरत बसलं, खांदा द्याय गेलं न्हाईत. भावजी त्यावर कवा चकार शब्द बोललं न्हाईत, पण त्या दिसापास्नं आमच्या दारावरनं जाताना मान वर करत नव्हतं.

"मी येते संगं," मी म्हणलं. "पण बोलायचं तुमी."

नाथाजी भावजी सोप्यात कासरा वळत बसलं व्हतं. बसा म्हणलं न्हाईत. ह्ये परेडीला उभं ऱ्हावं तसं ताठ उभं. मला वाटलं, आता ह्ये हुकूम सोडत्यात आणि माजं कुपवाड काय चुकत न्हाई.

"नाथाजी," ह्ये म्हणालं, "तुजा बा गेला तवा मी घरात व्हतो. ट्रंक भरत बसलो. त्येनं मला ल्हानपणी खांद्यावर बसवून जत्रंला नेलंवतं, आणि मी त्येला खांदा दिला न्हाई. चुकलं माजं."

भावजींचा हात थांबला. घरात बगून त्येंनी हाक दिली, "च्या टाका गं. वैनीस्नी बी." मग ह्यांच्याकडं न बगताच इचारलं, "वर माळावरचा दगड कसला हाय? ठिसूळ असला तर मी हात लावायचा न्हाई."

"काळा हाय गड्या," ह्ये म्हणालं.

भावजी येणार म्हणल्यावर बेस्तरवारी नाल्यात साठ-सत्तर माणूस उतरलं. ह्येनी सवयीनं खिशातनं शिट्टी काढली.

"हवालदार, ती मेंढरास्नी वाजवा," भावजी म्हणालं. "तुमी वरनं दगड आणा."

लोकं पोट धरून हसली. आणि आमचं हवालदार, ज्येंनी उभ्या जन्मात माजं एक ऐकलं न्हाई, ते गुमान दगड वाहाय लागलं. दुपारी हरणाआत्ती डोक्यावर पाटी घेऊन डुलत डुलत आली. पाटीत एकच दगड. म्हातारीला ना रान, ना हीर.

"माजा बी एक बसवा," ती म्हणाली. "म्हंजी उद्या कुणी बांधाला खोडी केली तर मला त्येला शिव्या देता येतील."

भावजींनी तो दगड बराबर मदी बसवला. सांजच्याला बांध कमरंएवढा आला आणि पंगत नाल्यातच बसली. उरलेलं काम कोण करणार, कुणी इचारलं न्हाई. म्होरल्या बेस्तरवारी लोकं आपणहून आली, आणि रोहिणीच्या आठ दिस आधी बांध पुरा झाला.

आता कुपवाड टळलं, असं मला वाटलं, तर दोस्ताचं कार्ड आलं, जागा कवापातूर धरू म्हणून. ह्येनी ते वाचून कोनाड्यात ठेवलं. काय ठरलं ते इचारायचं माजं धाडस झालं न्हाई. ट्रंक अजून तशीच भरलेली, पट्टा आवळून पलंगाखाली व्हती. रोज झाडताना मी केरसुणी थांबवून तिच्याकडं बगायची.

दोन-तीन दिसांनी नाथाजी भावजी दारात आलं. त्येंच्या हिरीतला गाळ काढायचा व्हता, उद्याच्याला इर्जिक. मी भाकरी थापत व्हते. सवयीनं आतनंच म्हणलं, "एका माणसाचं न्हवं? येते मी."

"न्हाई वैनी," भावजी म्हणालं. "चूलबंद."

भाकरी हातात तशीच ऱ्हायली. ह्येनी उठून पलंगाखालनं ट्रंक ओढली, तवा मला वाटलं, झालं, निघालं कुपवाडला. पट्टा सोडला, आतली कापडं एकेक करून भुईवर काढली आणि तळातनं एक जुनी हाफपँट हुडकली.

"गाळात उतराय ही बरी," म्हणालं. "आणि ट्रंक रिकामी झालीय. जुंधळं भर तिच्यात."

दुसऱ्या दिशी मी पहाटं उठून चूल सारवली आणि तशीच गार ठेवली. आमी दोघं बरोबरनं भायेर पडलो. दाराला कडी घालताना मला रडू आलं, ते काय केल्या आवरंना. ह्येनी खांद्यावरचं फावडं सावरलं.

"चल की," म्हणालं. "साताला हजर व्हायचं हाय."