बादलीत फुगलेला वेलीचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. शिसवी आहे, हे मुद्दाम सांगतो. हल्ली कोणीही उठतो आणि स्वतःला शिसवी म्हणवतो. एका म्हाताऱ्या कारागिराने मला बारीक छिन्नीने कोरले, पाठीला मूठ ठेवली आणि बरेच दिवस तेलात मुरवले. माझ्या पोटावर पानांची वेल आहे. एका ठोक्याचे शेवटचे पान पुढच्या ठोक्याच्या पहिल्या पानाला भिडते, म्हणून वेल कापडभर अखंड चालते.

मी आलो तो दोघी बहिणींच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, तर दोन खोल्या. पुढच्या खोलीत लांब टेबलावर थोरली सदऱ्यांचे कापड छापायची. मागच्या खोलीत धाकटी हाताने पुस्तके बांधायची. थोरली स्वभावाने तिखट, पण तिचा ठोका नेमका. काम संपले की ती मला ब्रशने धुवायची, लगेच पुसायची आणि सावलीत वाळवायची. गिऱ्हाइके वेलीचे कौतुक करायची आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

पुढे नव्या नक्षीचे ठसे आले आणि माझी रवानगी फळीवर झाली. तिथून मला उचलले धाकटीने, तेही ओल्या पुस्तकांवर वजन म्हणून ठेवायला. शिसवी असण्याचा एवढाच उपयोग! मला फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मग एका दुकानवाल्या बाईंनी माझ्या वेलीचा जुना नमुना पाहिला आणि तसेच सदरे मागितले. थोरलीने मला पुस्तकांवरून उचलले. निम्मे कापड छापून झाले. त्या संध्याकाळी धाकटीने सवयीने मला पुन्हा पुस्तकांवर ठेवले. पुस्तके चिकटवायची ओली खळ बाहेर आली आणि माझ्या नक्षीत घट्ट बसली. धाकटी घाबरली. तिच्या कामात चिकटलेला कागद भिजवला की सुटतो. तिने तेच केले. मला कोमट पाण्याच्या बादलीत बुडवले आणि ती झोपायला गेली. खळ सुटली, पण सकाळपर्यंत मी टम्म फुगलो होतो. वेलीची टोके जुळेनात.

“अगं, काय केलंस हे! लाकूड आहे ते, तुझा पुठ्ठा नाही!” थोरली ओरडली.

“ताई, खळ निघावी म्हणून गं... शेगडीजवळ ठेवते, लगेच सुकेल.”

अंगभर पाणी असूनही माझ्या तोंडचे पाणी पळाले. आगीजवळ ओले लाकूड तडकते. थोरलीने शेगडीकडे पाहिले, मग टेबलावर ताणलेल्या कोऱ्या कापडाकडे. सदरे परवा द्यायचे होते.

“नको,” ती शेवटी म्हणाली. “तडकला तर संपलंच. तो कोरणारा आता राहिला नाही.”

तिने बाईंना फोन लावला. “निम्मेच सदरे होतील. चूक आमची आहे,” ती म्हणाली. कोणाची, ते तिने सांगितले नाही. धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. बाई खूप बोलल्या. झाले तेवढे सदरे घेऊन गेल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत.

मला जुन्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवले. धाकटी रोज फडके बदलायची. मी सावकाश वाळलो. तडकलो नाही, पण एक कड वाकली ती वाकलीच. शेवटचे पान आता पुसट उठते आणि वेल तिथे तुटते. सदऱ्यांसाठी मी निकामी झालो.

“ताई, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर कापड चढवताना कड आत दुमडतात,” धाकटी हळूच म्हणाली. “वेलीचं पुसट पान आत जाईल.”

थोरलीने उरलेले कापड पसरले आणि मला धाकटीच्या हातात दिले. “ठोका तूच दे. तळहाताने. मारामारी नको.”

पहिली वेल तिरकी गेली, दुसरीचा रंग पसरला. थोरली शेजारी उभी होती, पण तिने हात मध्ये घातला नाही. आता माझी वेल पुस्तकांवर असते.

मित्रांनो, वस्तू जपायची तर आधी तिची जात ओळखा. कागदाला मानवते ते लाकडाला मानवत नाही. आणि हातून बिघडलीच, तर घाईने तिला आगीजवळ नेऊ नका, वेळ द्या. माणसालाही द्या. थोरली आजही मला धुवायला दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. काम संपले की धाकटीलाच हाक मारते आणि ब्रश तिच्या हाती देते.