शार्कला बोलावणारा खुळखुळा

मित्रांनो, मी एक जुना खुळखुळा आहे. पण पाळण्यावरचा नव्हे. पापुआ न्यू गिनीतल्या न्यू आयर्लंड बेटावर लावाय नावाच्या कोळ्याच्या मामाने वेताच्या कड्यात बारा करवंट्या ओवून मला घडवले. लावाय होडीतून मला पाण्यात हलवतो. माझा आवाज ऐकून शार्क आपणहून जवळ येतो. आला तरच फासात घ्यायचा. नाही आला तर होडी वळवून रिकाम्या हाताने परतायचे. चाळीस वर्षे गावात माझ्याइतका मान कोणत्याच वस्तूला नव्हता.

मग समुद्राचा तळ खणू पाहणाऱ्या कंपनीचे जहाज आले. त्यांनी एक पिवळे यंत्र पाण्यात सोडले. ते म्हणे खोलवरचे सगळे ऐकते. अख्खे गाव ते पाहायला किनाऱ्यावर लोटले. मी छपराखाली टांगलेला. खरे सांगतो, माझा जळफळाट झाला. माझ्या समुद्रात त्याचे काय काम होते? त्यात लावायही म्हणाला, "याच्यापुढे आपला खुळखुळा म्हणजे पोरखेळच."

म्हणूनच कंपनीने गावात भरवलेल्या सभेच्या दिवशी त्यांच्या साहेबांनी सुरुवातीला मला वाजवायला सांगितले, तेव्हा मी हरखलो. यंत्र टेबलावर गप्प होते आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. इतक्या जोरात मी शार्कसाठीही कधी वाजलो नव्हतो. लावायचे आणि माझे फोटो निघाले.

महिन्याने साहेब कागद घेऊन आले. त्यावर लिहिले होते: गावाने खुळखुळा वाजवून समुद्राचा तळ खणायला संमती दिली आहे. खाली गावाची सही तेवढी बाकी होती. लावायने मान खाली घातली. माझ्या हौसेपायी आमचा समुद्र जाणार होता.

आमच्याकडे पाण्यावरचा हक्क आईच्या कुळातून येतो. त्या कुळातली वडीलधारी इलेरायमावशी सभेच्या दिवशी पाहुण्यांसाठी अळकुड्या उकडत बसली होती. आज ती पुढे आली.

"साहेब, खुळखुळा वाजला म्हणजे काय झालं?"

"गाव हो म्हणालं, आजी."

"वाजवणारा नुसतं विचारतो. हो म्हणायचं ते शार्कनं. लावाय, शार्क नाही आला तर तू काय करतोस रे?"

"घरी येतो, मावशी."

"ऐकलंत? तुम्ही वाजवायला लावलंत, आम्ही काही आलो नाही. आता तुम्हीही घरी जा. अळकुड्या उकडल्यात, खाऊन निघा."

कागद सहीविना परत गेला. जहाज मात्र अजून समोर उभे आहे, आणि त्या यंत्राचा मला अजूनही हेवा वाटतो. पण मित्रांनो, माझे एवढे ऐका. माझा वेत सैल झाला तर घट्ट करा, मला कोरड्या जागी ठेवा. आणि कुणाला हाक मारलीत, तर आपल्याच आवाजाला उत्तर समजू नका.