चाक तापतं कुणामुळे

गाडी गॅरेजात शिरायच्या आधी तिचा वास शिरला. जळक्या ब्रेकचा वास एकदा नाकात बसला की जन्मात निघत नाही, आणि ताईच्या नाकात तो सव्वीस वर्षं मुक्कामाला होता. ती दुसऱ्या एका गाडीखालून सरपटत बाहेर आली, हात पुसले आणि बघते तर धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची शिकवणीची गाडी. छपरावर पाटी आणि पाटीखाली मास्तर. गावातल्या निम्म्या लोकांना ह्याने गाडी शिकवली होती. उरलेल्या निम्म्यांना शिकवायची धमकी दिली होती.

"ताई, बघा तुमच्या बहिणीचे प्रताप."

धाकटी चालकाच्या दारातून उतरली. घरापासून इथपर्यंत ती काय ऐकत आली होती, ते तिच्या तोंडावर छापलेलं होतं.

"ब्रेकवरून पाय काढतच नाही ही," मास्तर म्हणाला. "गाडी पुढे जायलाच तयार नाही. ते डावं चाक बघा. हात लावाल तर कातडं सोलून निघेल. उद्याची परीक्षा रद्द."

"रद्द कशी?" धाकटी म्हणाली. "उद्या बारापर्यंत पास झाल्याचा कागद दाखवायचाय मला. दवाखान्याने तेवढीच मुदत दिलीय."

दवाखान्याला तपासणीचे नमुने गावोगावहून आणायला गाडीवर माणूस हवा होता. धाकटीला ती नोकरी कबूल झाली होती, फक्त परवाना नव्हता. दोनदा नापास. उद्या दहाला तिसरी खेप. उद्या कागद मिळाला नाही तर बारा वाजून एक मिनिटाने नोकरी दुसऱ्याची.

"माझी गाडी, माझी पाटी आणि माझीच बायको तिसऱ्यांदा नापास," मास्तर म्हणाला. "मी तोंड कुठे लपवू?"

बायको नापास झाली तर तोंड लपवायचं नवऱ्याने, आणि पास झाली तर दाखवायचंही नवऱ्यानेच. हा हिशोब कुणी बसवला, त्याला एकदा जॅक न लावता गाडीखाली झोपवायला हवं, असं ताईला वाटलं. पण लहान बहिणीचा नवरा. जीभ आवळावी लागते.

"आधी चाक बघू," ती म्हणाली. "माणसं मग."

तिने गाडीचं तोंड जॅकवर उचललं आणि चाकं हाताने फिरवली. उजवं गरगर फिरलं. डावं अर्ध्या फेऱ्यात अडलं. तिने ते काढलं. आतली लोखंडी तबकडी निळी पडली होती. ब्रेक दाबला की दोन पॅड ह्या तबकडीला दोन्हीकडून चिमट्यासारखे आवळतात आणि पाय काढला की सोडतात. हा चिमटा सोडत नव्हता. ताईने ब्रेकच्या तेलाचा छोटा नट जरा ढिला केला. दोन थेंब आले, तबकडी तशीच घट्ट.

"तेलाचा दाब आत अडकलेला नाही. चिमटाच जाम आहे."

चिमटा दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. एक पिन सहज आली. दुसरीला हातोडी दाखवावी लागली. बाहेर आली ती पिवळ्या ग्रीसने लडबडलेली, आणि तिच्यावरचं रबर रात्रभर रडलेल्या डोळ्यासारखं सुजलेलं.

"हे ग्रीस कुणी चोपडलं?"

मास्तरने पत्र्याच्या छपराकडे बघितलं. "मीच. गेल्या महिन्यात. एकोणीस वर्षं गाडीत काढलीत मी, ताई."

"कोंबडी जन्म खुराड्यात काढते, म्हणून तिला सुतारकाम येतं का?"

जीभ आवळायचं तिथेच राहिलं. धाकटी खोकण्याच्या निमित्ताने पाठमोरी झाली.

"साध्या ग्रीसने हे रबर फुगतं," ताईने पिन त्याच्या नाकासमोर धरली. "फुगलं की पिनेला धरून बसतं. ह्याचं ग्रीस वेगळं असतं. माझ्या बहिणीचा पाय ह्यात कुठेच नाही."

तिने पिना घासून लखलखीत केल्या, रबरं नवी घातली, योग्य ते ग्रीस लावलं, पॅड बदलले. डावं चाक एका बोटाने फिरायला लागलं. मास्तरने सुजलेलं जुनं रबर उचलून गुपचूप खिशात टाकलं. चूक कबूल करायची त्याची हीच पद्धत होती.

"आता एक फेरी मारून या दोघं."

दोघं गेली आणि अर्ध्या तासाने वासासकट परत आली. ह्या खेपेला पुढची दोन्ही चाकं. ताईने चाकावर पाण्याचा हात झटकला. चर्र.

मास्तरचं तोंड लॉटरी लागल्यासारखं उजळलं. "आता कुठलं रबर सुजलं, ताई?"

ताईने गाडी पुन्हा उचलली. दोन्ही चाकं गरगर. जॅकवर गरीब गाय आणि रस्त्यावर नेली की अंगात येतं. तिला अशा गाडीचा मनापासून संताप यायचा, कारण अशी गाडी माणसाला वेडं ठरवते. चाकं निवल्यावर ती एकटीच बसली आणि वीस मिनिटं चढ-उतार सगळं करून आली. चाकं थंड.

"सिद्ध झालं," मास्तर म्हणाला. "तुम्ही चालवलीत तर थंड, हिने चालवली तर भट्टी. पाय हिचाच."

"मी ब्रेकवर पाय ठेवत नाही," धाकटी म्हणाली. आवाज न चढवता, दहा वेळा सांगून दमलेल्या माणसासारखं.

आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी ताईलाही वाटलं की पाय हिचाच असणार. लहानपणी सायकल शिकतानाही ही ब्रेक सोडत नसे. तेवढं मनात आलं आणि ताईला स्वतःचीच लाज वाटली. सव्वीस वर्षांत तिने न तपासता एक नटसुद्धा बदलला नव्हता, आणि इथे सख्ख्या बहिणीचा निकाल लावायला निघाली होती.

"चल, तू चालव. मी शेजारी बसते."

गाडी फाटकातून जी उसळली, ती समोरच्या भिंतीपासून हातभरावर थांबली. वळणावर पुन्हा तेच, रेघेच्या पुढे.

"आज पळतेय गं गाडी," धाकटी घाबरून म्हणाली. "परीक्षेतही अशीच पळाली होती. दोन्ही वेळा. एरवी शहाण्यासारखी चालते."

"परीक्षेत शेजारी कोण होतं?"

"साहेब. हे बाहेर उभे होते."

ताईने वाकून पायाशी बघितलं. शिकवणीच्या गाडीला मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेकचं पेडल असतं, चालकाच्या पेडलला जोडलेलं. शिकणारा घाबरला तर मास्तरने दाबायचं, म्हणजे महिन्यातून चार वेळा. चालकाच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा अजून शाबूत होत्या. मास्तरच्या पेडलचं रबर झिजून टकलासारखं गुळगुळीत झालं होतं.

परत आल्यावर चाकं थंड होती. ताईने मास्तरला त्याच्या जागी बसवलं, धाकटीला गाडीच्या मागे उभं केलं आणि स्वतः चालकाच्या जागेवर चक्क मांडी घालून बसली.

"हे काय, ताई?"

"बघा तरी."

तिने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. समोर, कुणाचा पाय नसलेलं चालकाचं पेडल सावकाश दोन बोटं खाली गेलं.

"मागचा ब्रेकचा दिवा लागलाय का गं?"

"लागलाय," मागून धाकटी म्हणाली.

"मास्तर, माझे पाय मोजा. दोन्ही इथे वर आहेत."

मास्तरने ताईचे पाय बघितले, मग स्वतःचा उजवा पाय बघितला. तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा, असं बघितलं. उचलला. पेडल वर आलं. "विझला," मागून आवाज आला. ताई इकडचं तिकडचं बोलत राहिली. पाव मिनिट गेलं नसेल, तोवर "लागला."

"सवय आहे," मास्तर पुटपुटला. "एकदा एकाने गाडी ओढ्यात घातली होती. तेव्हापासून."

"कधीची गोष्ट?"

"पहिल्या वर्षाची."

"म्हणजे अठरा वर्षं पोरं तुमच्या पायाला ओढत गाडी शिकतायत," धाकटी खिडकीशी येऊन म्हणाली, "आणि परीक्षेला पाय नसतो."

"पहिल्या वेळी सगळेच नापास होतात."

"तुमचेच होतात."

मास्तरने पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात ताई म्हणाली, "मास्तर, उतरा. उजेड आहे तोवर गाडी आमची."

अंधार पडेपर्यंत दोघी बहिणी रस्त्यावर होत्या. पहिला तास गाडी उधळली, दुसऱ्यात ती धाकटीला कळायला लागली. जोर किती कमी लावायचा, एवढंच शिकायचं होतं. तेच तिला कुणी शिकवलं नव्हतं. परीक्षा रद्द करायचं मास्तरने पुन्हा काढलं नाही. रात्री ती नको नको म्हणत असताना त्याने गाडी धुतली, असं धाकटीने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

दहाला मैदानावर साहेब शेजारी बसले. धाकटीने चढावर गाडी धरली, वळवली, मागे घेतली, खांबांमध्ये रेघेवर आणून ठेवली. दोरीच्या बाहेर ताईशेजारी मास्तर उभा होता आणि प्रत्येक वळणाला उजव्या बुटाने मातीत खड्डा करत होता.

"दाबू नका," ताई म्हणाली. "इथून पोचत नाही."

साहेबांनी सही केली. धाकटीने दुरूनच कागद वर धरून दाखवला, घड्याळात बघितलं आणि फाटकातून गाडी घेऊन सरळ दवाखान्याच्या रस्त्याला लागली. वळणाआधी मागचा लाल दिवा एकदा लागला, विझला आणि गाडी दिसेनाशी झाली.

"गाडी माझी आहे," मास्तर म्हणाला. "मला तरी न्यायचं."

"तुम्हाला घेऊन बारापर्यंत पोचली असती का?"

मास्तरने प्रामाणिकपणे विचार केला. "नसती," तो म्हणाला, आणि दोघं चालत निघाली.