पाखरं बसतात तिथे

हे सांगायचं नव्हतं. साधनानं आबाच्या हातावर हात ठेवून तसं कबूल केलं होतं. पण आता कुणाला तरी सांगितल्यावाचून तिच्याच्यानं राहवेना.

दसरा सरला की वणीकडे वर्धेचं गढूळ पाणी निवळतं आणि ऊन उतरता उतरता त्यातून कागदी पंखांची, नखाएवढी पांढरी पाखरं उठू लागतात. एका संध्याकाळचं त्यांचं आयुष्य. ती पाण्यावर टेकली की मासे उसळ्या मारतात. साधनाचा आजा उकंडा, म्हणजे आबा, राजूरच्या खाणीत तीस वर्षं अंधारात राबलेला. त्याला या घटकेचं भारी वेड. कोंबड्याच्या मानेचं पीस दोऱ्यानं गळाला बांधून तो असं खोटं पाखरू करी, की माशांबरोबर साधनाही फसायची.

पोळ्याला आबा छातीत कळ येऊन पडला. दवाखान्यातून परतल्यावर साधनाच्या आईनं, शीलानं, एकाच अटीवर त्याला नदीवर जाऊ दिलं: साधना सोबत राहील, आणि काही वेगळं दिसलं तर लगेच सांगेल. मग नदी कायमची बंद.

वेगळं दिसलं ते तिसऱ्या दिवशी. पाखरं साधनाच्या निळ्या बाहीवर बसली, चहाच्या गरम किटलीवर बसली, दिवसभर तापलेल्या खडकावर तर त्यांची दाटी झाली. आबाचा सदरा मात्र कोरा.

"आबा, तुह्यावर काहून नाही बसत?"

"माह्या अंगाले खाणीचा वास येते ना!" तो हसला. मग गळाकडे बघत हळूच म्हणाला, "पाखरं गरम अंगावर बसतात, माय. तुह्या मायले सांगू नको. पाखरं आहेत तोवर येऊ दे मले."

साधनानं त्याचा हात धरला. तो पाण्याखालच्या दगडासारखा गार होता. तिनं तो दोन्ही तळव्यांत घेतला, त्यावर फुंकर घातली आणि अंधारेपर्यंत मांडीवर ठेवला. रोज ती तेच करू लागली.

"हात सोड वो, मासा पळून राह्यला!" आबा ओरडायचा, पण हात काढून घ्यायचा नाही.

सातव्या दिवशी एक पाखरू त्याच्या कॉलरवर टेकलं. आज तर सगळा सदरा भरून गेला.

"पाह्य वो, फुललो ना मी कापसावानी!"

तो इतका खुशीत होता, की साधनाही हसली. तेवढ्यात काठावरून आईचा आवाज आला, "साधने, स्वेटर आणलं वो! सकाळपासून कुडकुडून राह्यली तू."

साधनानं आपली निळी बाही पुढे धरली होती, आणि पाखरं बाहीपर्यंत येत होती, जराशी थबकत होती, आणि मग न टेकताच—

"साधने! ये ना वो!"