मकान खाली

आधीच सांगते, मला यंत्रांचा राग नाही. रेल्वेच्या ऑफिसात अर्धा जन्म कॉम्प्युटरसमोर गेलाय माझा. राग येतो तो ‘सेम टू सेम’ म्हणणाऱ्यांचा.

उन्हाळ्यात सिकंदराबादजवळ, आमच्या तारनाक्याच्या अपार्टमेंटमध्ये एक सरकारी माणूस आला होता, पुराची नवी यंत्रणा समजावून द्यायला. नाल्याचं पाणी वाढलं की मोबाइल बोंबलणार. मग घरोघरी आपोआप फोन जाणार, फोनवरची बाई विचारणार की कोणी अडकलंय का, आणि आपण आपल्या भाषेत सांगायचं. यंत्र ते ऐकून नकाशावर आपल्या घराचा ठिपका लाल नाहीतर हिरवा करणार. लाल असेल तिकडे बोट. मी विचारलं, “मराठी कळतं का त्याला?” तर म्हणतो कसा, “मराठी-हिंदी सेम टू सेम है ना मॅडम!” सगळे हसले. घरी दिवसभर सासूबाई असतात म्हणून आम्ही त्यांचाच नंबर दिला.

सासूबाई, म्हणजे इंदुताई, मागच्या वर्षी कराडहून आमच्याकडे राहायला आल्या. मी इथल्याच जामबागची, दख्खनी उर्दूत भांडते आणि तेलुगूत भाजी घेते. त्यांना मराठीशिवाय काही येत नाही आणि त्याचं त्यांना काडीचं वाईटही वाटत नाही. भाजीवाल्याशी खुशाल मराठीत बोलतात. तो बिचारा मान डोलावतो.

त्या दुपारी मी सिकंदराबादला ऑफिसात होते. रात्रीपासून पाऊस थांबला नव्हता. एकाएकी हॉलमधले सगळे मोबाइल एकदम किंचाळायला लागले. असला भेसूर आवाज की माझ्या हातातला चहा टेबलावर सांडला. आमच्या भागातल्या नाल्याची भिंत फुटली होती.

पहिला फोन लावला प्रणिताला, माझ्या मुलीला. कॉलेज बंद म्हणून ती घरीच होती. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग मोबाइलवर तो नकाशा उघडला. आमचा ठिपका हिरवागार, आणि त्याखाली लिहिलेलं, ‘मकान खाली.’

हुश्श झालं मला. म्हटलं, निघाल्या दोघी वेळेवर. कुठे गेल्या ते विचारावं म्हणून सासूबाईंना फोन केला.

“आई, कुठे आहात तुम्ही?”

“कुठे म्हणजे? घरीच की.”

“घरी? आणि प्रणिता?”

“अगं, ती स्कूटी काढायला गेलीय खाली. त्या सेलरमध्ये, गाड्या लावतात तिथे. तेवढ्यात पाण्याचा असा लोंढा आला रेणू, जिना निम्मा बुडाला. मी हाका मारतेय, ओ देत नाही पोर. पण तू घाबरू नकोस. त्या बाईचा फोन आला होता. काहीतरी मकान-मकान करत होती. मी ओरडून सांगितलं, खाली आहे हो, खाली आहे! शुक्रिया म्हणाली. येतीलच आता.”

खाली आहे! सासूबाईंचं खाली म्हणजे तळाशी. त्या यंत्राचं खाली म्हणजे रिकामं. हिंदीत रिकामं, उर्दूत रिकामं, तेलुगूतसुद्धा रिकामं. माझी पोरगी पाण्यात, आणि सरकारच्या नकाशावर आमचं घर रिकामं! बोट तिथे कशाला जाईल?

कंट्रोल रूमला फोन लावला. एक मुलगी बोलत होती, आवाज अगदी गोड.

“मॅडम, आपका मकान ग्रीन है. परेशान नक्को होओ.”

“ग्रीन गेलं चुलीत!” मी मराठीतच ओरडले. मग दख्खनीत सांगितलं, मुलगी सेलरमध्ये अडकलीय. ती म्हणाली, फोन घेणाऱ्यानेच खाली सांगितलंय, आवाज रेकॉर्ड आहे. मी म्हटलं, बाई, तोच लाव, माझ्यासमोर लाव. तिने लावला. सासूबाईंचा आवाज आला. एवढा कळवळून ओरडलेला की दगडालाही कळलं असतं, हे माणूस संकटात आहे.

“रिकाम्या घराबद्दल असं ओरडतं का कोणी?” मी विचारलं. “हमारी ज़बान में खाली बोले तो नीचे! नीचे, अम्मा, नीचे!”

तिने तो आवाज पुन्हा एकदा लावला. मग “या अल्ला” म्हणाली. आमचा ठिपका लाल झाला, मी डोळ्यांनी पाहिलं. जवळच एक बोट होती, तिच्यावरच्या माणसाशी तिने माझा फोन जोडून दिला. मी त्याला सांगितलं, भाऊ, फोन ठेवायचा नाही. काही झालं तरी ठेवायचा नाही.

ऑफिसातून निघून उपयोग नव्हता. समोरचा रस्ता गाड्यांसकट बुडाला होता. मी खिडकीशी उभी, फोन कानाला, दुसऱ्या हातात खिडकीचा गज. कानात नुसतं इंजिनाचं घरघरणं. देवाला काय काय बोलले असेन त्या वेळी, ते त्यालाच ठाऊक.

मग त्याचा आवाज आला. “पहुँच गए मॅडम. टॉर्च मार रे अंदर.”

इंजिन बंद झालं. पाण्याचा आवाज, लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज. कोणीतरी “कोई है?” म्हणून हाका मारत होतं.

“मॅडम, गाड्या तैर रे बस. कोई नहीं है. सेलर खाली है.”

मागून कुठूनतरी, जिन्यातून असणार, सासूबाईंचा आवाज आला. रडवेला, पार घोगरा झालेला. “खाली आहे! अहो, खाली आहे माझी नात! खाली आहे!”

आणि तो माणूस मला म्हणतो, “सुने ना मॅडम? अम्मा भी वोइच बोल रए. चलो रे, बाजू की बिल्डिंग.”

इंजिन सुरू झालं.

मी किंचाळले. पूर्ण ऑफिस उभं राहिलं. “नीचे बोल रए वो! नीचे! अम्मायी किंद उंदी! किंद! किंद!” तीनदा, चारदा, जी भाषा तोंडाला येईल तीत; तेलुगूतलं किंद म्हणजे आपलं खाली. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू जातंय की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. फोनमध्ये नुसती घरघर. गेला, माझ्या मनात आलं. गेला हा आता, आणि माझं लेकरू तिथेच राहिलं.

मग घरघर थांबली. “किंदा?” त्याने विचारलं.

“किंद! सेलरच्या मागे पाण्याची मोटाररूम आहे, तिथेच असणार ती, बंद दिसेल, तोड ते दार!”

धप्पकन कोणीतरी पाण्यात उडी मारली. त्यानंतर फोन बंद पडला.

पाणी ओसरल्यावर, अंधार पडता पडता मी पोचले. दोघींना वरच्या मजल्यावरच्या मृण्मयीकडे बसवलं होतं. प्रणिता दोन चादरींत गुंडाळलेली, ओठ निळे, दात वाजतायत. पण जिवंत. माझी पोर जिवंत! मी तिला असं घट्ट धरलं की ती “मम्मी, दुखतंय” म्हणाली. सासूबाई मागे बसून टॉवेलने तिचे केस पुसत होत्या.

“मला सगळं ऐकू येत होतं,” प्रणिता म्हणाली. “लोंढ्याने मला मोटाररूममध्ये ढकललं आणि दार लागलं. मी मोटारीवर चढले, वरच्या जाळीला तोंड लावून उभी राहिले. ओरडायला गेलं की तोंडात पाणी. आजी म्हणाली, खाली आहे. मला वाटलं, सुटले, आता येतील. तर तो माणूस म्हणाला, अम्मा भी वोइच बोल रए, चलो. आणि बोट लांब जायला लागली.”

सासूबाईंचा हात थांबला.

“रेणू,” त्यांनी मला विचारलं, “म्हणजे माझं ऐकून परत निघाले होते ते?”

दिवसभर सगळ्या जगावर ओरडले होते मी. आता नुसता त्यांच्या हातातला टॉवेल घेतला आणि प्रणिताचे केस पुसायला लागले.