नव्हती की नाही

दर्शनाने फोन डब्याला टेकवून उभा केला, तशा पडद्यावर एलसम्मा दिसल्या. बिनॉयची आई. बिनॉय नोकरीसाठी रत्नागिरीत, त्या केरळात. मराठीचा त्यांना गंध नव्हता. पलीकडे पडवीत आप्पा हाताला तेल लावून फणसाचे गरे काढत होते.

"वडलांना तुमच्या लग्नाचं विचारलंस?" एलसम्मांनी इंग्रजीत विचारलं.

विचारलं होतं. काल जेवताना आप्पा म्हणाले होते, "माझी तयारी नाही गो. माणसं चांगली असतील, पण त्यांच्याशी बोलायचं कुठल्या भाषेत?" मग रात्रभर त्यांच्या खाटेची करकर तिला ऐकू येत होती. सकाळी मात्र त्यांनी, बिनॉय मासे खातो ना, एवढंच विचारलं.

मराठीत ते 'नाही' जसंच्या तसं सांगता आलं असतं. इंग्रजीत काळ निवडायचा होता. नववीच्या वर्गाला दर्शना हेच शिकवायची: कुणी काही म्हणालं की त्याचं म्हणणंही भूतकाळात ढकलायचं, पण ते अजून खरं असेल, तर वर्तमानकाळ ठेवला तरी चालतो. मुलं विचारायची, "पण मॅडम, अजून खरं आहे हे कसं कळणार?"

तिने पडवीकडे एकवार पाहिलं.

"ही सेड ही वॉज नॉट रेडी."

"वॉज?" एलसम्मा चष्मा सावरत पुढे वाकल्या. "वॉज, ऑर इज?"

दर्शनाने पुन्हा पडवीकडे पाहिलं.

"काय विचारतायत?" आप्पांनी मान वर न करता विचारलं.

"तुमची तयारी नव्हती, की अजून नाही, ते."

"मग? तू काय सांगितलंस?"

"नव्हती, असं."

आप्पांनी एक गरा सोलला, आठळी बाजूला टाकली. मग गरा तोंडात घालून बराच वेळ चावत राहिले.

"मला बोलू दे," शेवटी आप्पा म्हणाले, "तू मध्ये सांगत जा."

दर्शना घाईघाईने फोन त्यांच्याकडे वळवणार, तोच आप्पांनी तेलकट हात आडवा धरला.

"अगो थांब! सदरा आण आधी. विहीणबाईंसमोर असा बनियनवर बसू होय?"

"व्हॉट डिड ही से?" फोनमधून आवाज आला.

दर्शना सदरा आणायला केव्हाच आत पळाली होती.